‘आउटपुट आलं’ म्हणजे बरोबर आलं का? : डायक्स्ट्रा यांच्या एका निबंधाविषयी

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज संगणकशास्त्राच्या शिक्षणावर कसा काय बोलतोय, असं काहींना वाटेल. निमित्त घरचंच आहे. माझी नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर शिकते. मध्यंतरी ती प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं करत बसली होती. मी विचारलं, ‘‘हा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कशावरून?’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा, आउटपुट आलं ना!’’ ‘‘आणि दुसरे आकडे दिले तर?’’ ‘‘सर तेवढं विचारत नाहीत.’’

याच प्रश्नावर लिहिलेल्या एका निबंधाचं परीक्षण मला आज करायचं आहे. लेखक आहेत एड्सखर डायक्स्ट्रा, डच शास्त्रज्ञ. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची त्यांची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली. आजही विद्यार्थी ती परीक्षेत लिहितात. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. असा हा माणूस पुढे टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि डिसेंबर १९८८ मध्ये त्याने संगणनशास्त्र खरोखर शिकवण्यातल्या क्रौर्यावर निबंध लिहिला. पुढच्या वर्षी तो एसीएम या संघटनेच्या मासिकात छापला गेला, आणि त्याच्याबरोबर इतर तज्ज्ञांचे आक्षेपही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. संगणक ही मुळापासून नवी गोष्ट आहे. नव्या गोष्टीला आपण जुन्या उपमांनी समजून घेऊ पाहतो आणि इथे त्या उपमा फसवतात. प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणू नका. किडा बाहेरून येतो. चूक तुम्ही केलेली असते. म्हणून पहिल्या वर्षी प्रोग्रॅम लिहिणं हे गणितातल्या सिद्धतेसारखं शिकवा. आणि पुढची सूचना ऐका : जी भाषा शिकवाल ती विद्यापीठातल्या एकाही यंत्रावर चालता कामा नये! म्हणजे ‘चालवून बघू’ हा मोहच उरणार नाही.

न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डायक्स्ट्रा यांनी उपमान हाकलून दिलं, प्रत्यक्षाला दाराबाहेर उभं केलं आणि वर्गात फक्त अनुमान ठेवलं. (ते इथे असते तर त्यांनी मला इथेच अडवलं असतं, कारण मी आत्ता उपमानच वापरतोय.)

आता त्यांचं बरोबर कुठे आहे ते आधी बघू. समजा, ३२ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार यंत्र बिनचूक करतं का, हे सगळ्या जोड्या तपासून ठरवायचं आहे. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षं लागतील. दहा उदाहरणांचं आउटपुट बरोबर आलं म्हणजे दहाच उदाहरणं बरोबर आली. उरलेल्यांबद्दल खात्री हवी असेल तर विचारच करावा लागतो. हे विद्यापीठाने शिकवायचं नाही तर कुणी?

पण मग प्रत्यक्षाला बाहेर ठेवायचं का? इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. क्रमाने लावलेल्या यादीत नाव शोधायची एक प्रसिद्ध रीत आहे : मधलं पान उघडा, नाव अलीकडे असेल की पलीकडे ते बघा, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं पान उघडा. मध्य काढायला पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून निम्मे करायचे. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात ही रीत बरोबर असल्याची सिद्धताही दिली आहे. तीच बेरीज जावा भाषेच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं, की तिच्यात चूक आहे. ३२ बिटांत ऋण आणि धन दोन्ही संख्या ठेवायच्या, तर सर्वांत मोठी धन संख्या २१४ कोटींच्या आसपास येते. यादी फार मोठी असली तर बेरीज त्यापलीकडे जाते आणि उत्तर चक्क ऋण येतं. कुणाचा तरी चालता प्रोग्रॅम कोसळला, तेव्हा हे उघड झालं.

सिद्धता खोटी होती का? नाही. कागदावरच्या संख्यांना अंत नसतो, यंत्रातल्यांना असतो. आपल्या नैयायिकांनी याला नाव दिलेलं आहे : उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं म्हणता येत नाही, कारण धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. ती अट लपून बसलेली असते. इथे लपलेली अट होती ‘बेरीज मावली पाहिजे’.

डायक्स्ट्रा म्हणतील, मग ती अट सिद्धतेत घाला. घालू की! पण ती घालायला हवी हे सुचवलं कुणी? कोसळलेल्या प्रोग्रॅमने. जेम्स फेट्झर या तत्त्वज्ञाने १९८८ सालीच एसीएमच्या त्याच मासिकात बजावलं होतं, की सिद्धता कागदावरच्या रचनेची होते. प्रत्यक्ष यंत्र कसं वागेल याची तशी निखळ हमी तिच्यातून मिळत नाही.

तर माझं मत असं : डायक्स्ट्रा यांचा प्रश्न खरा, त्यांचं औषध अर्धं. आणि आपल्याकडे रोग नेमका उलटा आहे. आपण अनुमान सोडलं आणि प्रत्यक्षाचाही एकच घास घेतला. त्यात आता मुलं यंत्रालाच प्रोग्रॅम लिहायला सांगतात. म्हणजे चौथं प्रमाण, शब्द. पण शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. गोष्ट जशी आहे तशी जाणणाऱ्याचा आणि तशीच सांगू इच्छिणाऱ्याचा. यंत्र आप्त आहे का, हे तपासणार कोण? ज्याला ‘कशावरून?’ विचारायची सवय आहे तोच.

जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमखाली दोन गोष्टी मागाव्यात : हा बरोबर का आहे, आणि कोणत्या अटीवर. व्हायवाला तेवढंच विचारावं. नातीला मी हे करून बघ म्हटलं. आधी कुरकुरली. मग लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, यादी रिकामी असेल तर हा बंद पडेल.’’ तिने तो चालवून बघितला. खरंच बंद पडला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.