चरित्रांची तुलना आणि साक्षीचा अधिकार

अमेरिकन हायस्कुलांतील इतिहासाच्या वर्गात थोर व्यक्तींच्या चरित्रांची तुलना हा एक रुळलेला स्वाध्याय आहे. बुकर टी. वॉशिंग्टन आणि दु बॉइस, किंवा जॉर्ज वॉशिंग्टन आणि लिंकन अशी जोडी निवडायची. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढून मधल्या भागात साम्ये आणि दोन्ही बाजूंना भेद लिहायचे. चरित्र ही पारदर्शक संहिता असून तिच्यातून व्यक्ती जशीच्या तशी दिसते, हे या स्वाध्यायाचे गृहीतक आहे. तुलना चरित्रांची म्हटली जाते. प्रत्यक्षात ती चरित्रनायकांची होते. चरित्रकार, त्याने मानलेला आणि नाकारलेला पुरावा, त्याच्या निवेदनाची रीत हे सारे दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहते.

या पद्धतीला जुनी परंपरा आहे. प्लुटार्कने ग्रीक आणि रोमन पुरुषांच्या जोड्या लावून बहुतेक जोड्यांच्या अखेरीस त्यांची तुलना केली. तिचे प्रयोजन नैतिक होते. अमेरिकेत मेसन वीम्सने १८०० साली लिहिलेल्या वॉशिंग्टन-चरित्राचे प्रयोजनही तेच होते. चेरीच्या झाडाची प्रसिद्ध गोष्ट त्यात १८०६ च्या आवृत्तीत आली आणि पुढे मॅकगफीच्या क्रमिक पुस्तकांतून घरोघरी पोचली. सत्यवचनाचा धडा देणाऱ्या या गोष्टीला पुराव्याचा आधार नाही. अनुकरणीय पुरुष हवा असला की पुराव्याकडे कसे दुर्लक्ष होते, याचा हा ठळक नमुना होय.

दोन व्यक्तींऐवजी एकाच व्यक्तीची दोन चरित्रे समोर ठेवली, तर स्वाध्यायाचे स्वरूपच पालटते. थॉमस जेफर्सनचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा हा प्रमुख लेखक आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांचा मालक होता. त्यांतल्याच सॅली हेमिंग्जची मुले जेफर्सनची असल्याचा आरोप १८०२ साली वृत्तपत्रातून झाला. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ या पत्रात आपली हकीकत सांगितली आणि जेफर्सन हाच आपला पिता असल्याचे स्पष्ट नोंदवले. उलट, जेफर्सनच्या नातवाने त्याच्या एका भाच्याकडे बोट दाखवले होते. ही कौटुंबिक माहिती चरित्रकार रँडलने १८६८ मध्ये पत्राने पार्टन या दुसऱ्या चरित्रकाराला कळवली आणि पार्टनच्या १८७४ च्या ग्रंथातून ती रूढ झाली. म्हणजे समोर दोन कुटुंबांतील दोन मौखिक कथने होती. एक ‘साक्ष’ ठरले, दुसरे ‘वावडी’.

ड्यूमास मलोन यांचे १९४८ ते १९८१ या काळात प्रसिद्ध झालेले सहा खंडांचे चरित्र याच निवाड्याच्या बाजूने उभे आहे. मलोन यांची विद्वत्ता वादातीत आहे. परंतु या प्रश्नापाशी आल्यावर ते नायकाचे शीलच पुरावा म्हणून पुढे करतात. असे वर्तन जेफर्सनच्या स्वभावात बसत नाही, म्हणून ते घडले नसावे, असा हा युक्तिवाद आहे. जे सिद्ध करायचे तेच येथे गृहीत धरलेले आहे. १९७४ च्या चरित्रात फॉन ब्रोडी यांनी मॅडिसनची साक्ष परिशिष्टात छापली आणि ती गंभीरपणे विचारात घेतली. मात्र प्रवासाच्या टिपणांत मातीच्या रंगासाठी आलेल्या शब्दावरूनही जेफर्सनच्या अंतर्मनाचा ठाव घेण्याची त्यांची मनोविश्लेषक रीत पुराव्यावर नको इतका भार टाकते.

यातला खरा बोध असा, की मलोन यांचा निष्कर्ष त्यांच्याच संशोधनाने डळमळतो. जेफर्सन कोणत्या दिवशी कोठे होता, याचा काळजीपूर्वक तयार केलेला कालपट त्यांनीच उपलब्ध करून दिला. सॅलीच्या ज्ञात मुलांच्या जन्मतारखांशी तो ताडून पाहता, प्रत्येक गर्भधारणेच्या संभाव्य काळात जेफर्सन मॉन्टिसेलोत होता, असे दिसते. विन्थ्रॉप जॉर्डन यांनी १९६८ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. एका मुलाच्या जन्मापूर्वी पंधरा महिने दोघे परस्परांपासून दूर होते, हे रँडलने नोंदवलेले कौटुंबिक विधान तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. १९९७ मध्ये अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी कायदेपंडिताच्या शिस्तीने हेच दाखवले: गोऱ्या नातवाच्या साक्षीला एक माप आणि गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाच्या साक्षीला दुसरे, असा दुजाभाव चरित्रकारांनी पिढ्यानपिढ्या चालवला.

१९९८ च्या जनुकीय चाचणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे वाय गुणसूत्र जेफर्सन घराण्याशी जुळले. भाच्यांच्या घराण्याशी जुळले नाही. चाचणीने घराणे सांगितले, व्यक्ती नव्हे. व्यक्तीपर्यंत पोचण्यासाठी कालपट आणि साक्ष यांचीच जोड लागली. ती जोड देऊन मॉन्टिसेलोचे जतन करणाऱ्या प्रतिष्ठानने २००० साली जेफर्सनचे पितृत्व अत्यंत संभाव्य मानले. बहुसंख्य इतिहासकारांनीही ते स्वीकारले, काहींचा विरोध राहिला.

अशा अध्यापनावर एक आक्षेप संभवतो: कोवळ्या वयात चरित्रांवरचा विश्वास उडाला, तर ‘ज्याचे त्याचे मत’ एवढेच उरेल. वरील उदाहरण याच्या नेमके उलट सांगते. तारखांशी कथन ताडून पाहणारा विद्यार्थी सर्व आवृत्त्या सारख्याच मानत नाही. एक विधान टिकते आणि दुसरे कोसळते, हे तो स्वतः पडताळतो. आदरणीय ग्रंथाची पद्धत वाखाणून त्याचा निष्कर्ष नाकारता येतो, आणि निष्कर्ष मान्य करूनही पद्धतीला दोष देता येतो, हे त्याला उमगते. नायकपूजा आणि नायकभंजन या दोहोंत हा विवेक हरवतो.

मॅडिसनची हकीकत छापली गेली त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी गुलामगिरी नष्ट करण्याच्या अमेरिकन लोकांच्या त्यागाचे स्मरण करून ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. दास्यात ठेवलेल्यांचे म्हणणे ज्ञान म्हणून ग्राह्य धरायचे की नाही, हा त्या ग्रंथामागचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. अमेरिकन चरित्रलेखनाला मॅडिसनची साक्ष मान्य करण्यास शतकाहून अधिक काळ लागला. गॉर्डन-रीड यांच्या २००८ च्या ग्रंथात संपूर्ण हेमिंग्ज कुटुंबच चरित्राचा विषय झाले, तेव्हा एकट्या नायकाची चौकट मोडली. तरीही सॅलीचा स्वतःचा एकही शब्द उपलब्ध नाही. चरित्रांची तुलना ही उणीव भरून काढू शकत नाही. ती कोणी, कशी आणि कोणत्या मजकुराने झाकली, एवढे मात्र ती दाखवू शकते.