बिकट, अवघड, किचकट : भूमिकाखेळांच्या समीक्षेतील शब्दविचार

१

एखादा कलाप्रकार नवा असतो तेव्हा त्याची समीक्षा प्रथम रसिकांच्या बोलण्यात जन्म घेते आणि ग्रंथांत ती पुष्कळ उशिरा येते. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांची, म्हणजे खेळाडू ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' अथवा नुसते 'आरपीजी' म्हणतात त्यांची, मराठीतील अवस्था आज अशीच आहे. या खेळांत खेळणारा एक पात्र धारण करतो, त्या पात्राचे बळ, शस्त्रे व विद्या क्रमाने वाढवितो आणि कथेतील निर्णय त्याच्या नावाने घेतो. या प्रकाराचे मूळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल व फासे यांच्या खेळात आहे. तेथे संकटांची मात्रा ठरविणारा सूत्रधार हा समोर बसलेला माणूस असे. संगणकावर ते काम रचनाकाराने आगाऊ करून ठेवलेले असते. खेळाडूंचे बहुतेक वाद या एका फरकातून निघतात.

कर्जत किंवा खोपोली येथील एखादा जाणता खेळाडू नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावा. त्याचा अभिप्राय साधारणतः असा असतो : 'गेम फार डिफिकल्ट आहे, डिझाइन छान आहे, पण परफॉर्मन्स वाईट आहे.' वाक्याची घडण मराठी, क्रियापदे मराठी. परंतु निर्णयाचा भार वाहणारे तिन्ही शब्द इंग्रजी. शब्द परके आहेत ही तक्रार येथे गौण आहे. ज्या गोष्टी मराठी बोलणारा एरवी सहज वेगळ्या करतो त्या या तीन शब्दांत एकवटतात आणि त्यामुळे अभिप्राय ठाम वाटला तरी संदिग्ध राहतो, ही खरी अडचण होय.

२

प्रथम 'डिफिकल्टी' हा शब्द घ्यावा. मराठीत वाट बिकट असते, हिशेब किचकट असतो, ओझे अवघड असते, विषय जड जातो. हे शब्द परस्परांच्या जागी सरसकट बसत नाहीत. 'बिकट' हा संस्कृत 'विकट' शब्दाचा वंशज मुख्यतः वाटेला, प्रसंगाला व परिस्थितीला लागतो. 'किचकट' मध्ये बारीकसारीक गुंतागुंतीचा त्रास आहे. 'अवघड' मध्ये देहाला जाणवणारा ताण आहे. एकाच स्थितीत बसून पाय 'अवघडतो' तो याच अर्थाने.

या भेदाला व्याकरणाचाही आधार मिळतो. 'मला घाट अवघड गेला', 'मला गणित जड गेले' ही वाक्ये सहज आहेत. 'मला घाट बिकट गेला' किंवा 'मला हिशेब किचकट गेला' असे मात्र कोणी म्हणत नाही. तेथे 'घाट बिकट होता', 'हिशेब किचकट होता' अशीच रचना करावी लागते. अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवून 'जाणे' हे क्रियापद योजणारी रचना अवघड, जड, कठीण, सोपे या विशेषणांना चालते. बिकट व किचकट यांना ती रुचत नाही. याचा अर्थ असा की, बिकटपणा आणि किचकटपणा हे वस्तूचे गुण म्हणून बोलले जातात, तर अवघड जाणे हा वस्तू आणि माणूस यांच्यामधील संबंध आहे. एकच घाट एकाला अवघड जाईल, दुसऱ्याला जाणार नाही. बिकट मात्र तो दोघांसाठीही राहील.

खेळाडूंच्या वादांत नेमका हाच भेद हरवतो. खेळ सोपा करावा की न करावा, असा प्रश्न विचारला जातो. वस्तूचा गुण बदलायचा आहे की तिच्याशी असलेला खेळणाऱ्याचा संबंध, याची फोड कोणी करीत नाही.

३

या प्रश्नाचे उत्तर कर्जतकराला आपल्या स्थानकाच्या फलाटावर रोज पाहावयास मिळते. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण खुली झाली. या चढणीचे प्रमाण सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, असे आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडली जातात व घाट चढून गेल्यावर ती सोडविली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना 'बँकर' म्हणतात. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी मात्र आपल्याच बळावर, या साहाय्यावाचून, चढते. घाट तोच, चढणही तीच. बदलला तो चढणारा. बिकटपणा तसाच ठेवून अवघड जाणे कमी करण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आता खेळांकडे पाहावे. पुष्कळ भूमिकाखेळांत आरंभी 'सोपी', 'मध्यम', 'कठीण' यांसारख्या पायऱ्यांतून एकीची निवड करावी लागते. व्यवहारात ही निवड अनेकदा दोन-चार आकड्यांपुरती असते : शत्रूचे आयुष्य वाढते व त्याचा घाव अधिक लागतो. अशा 'कठीण' पायरीवर शत्रू अधिक चतुर होत नाही. तो मरायला अधिक वेळ घेतो, इतकेच. जुने खेळाडू याला कंटाळतात आणि त्यांचा कंटाळा योग्य आहे. रचनाकाराने येथे वाट अधिक बिकट केलेली नाही. तीच वाट लांबविली आहे.

याउलट जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर संस्थेचे 'डार्क सोल्स' (२०११) व 'एल्डन रिंग' (२०२२) हे खेळ अशी निवड देतच नाहीत. म्हणून ते निर्दय ठरविले जातात. परंतु 'एल्डन रिंग'ची घडण बारकाईने पाहिली तर तेथे मागून जोडायच्या इंजिनांची रेलचेल आढळते. घंटी वाजवून मृतांचे आत्मे साहाय्यास बोलाविता येतात. दुसऱ्या खेळाडूंना हाक मारता येते. न जिंकता येणाऱ्या शत्रूला सोडून अन्यत्र भटकून, बळ वाढवून परत येता येते. शत्रू तसूभरही नमत नाही. २०२४ मध्ये या खेळाचा 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा पुढील भाग आला तेव्हा तो फार जड जातो अशी ओरड झाली. त्यावर काही दिवसांतच केलेल्या सुधारणेत, त्या भागात मिळणाऱ्या विशेष आशीर्वादाचा आरंभीचा प्रभाव वाढविण्यात आला. हाही उपाय मागील इंजिनाच्याच जातीचा.

येथे अनुभवी खेळाडूंच्या एका मताचा परामर्श घेणे आवश्यक आहे. आत्म्यांचे किंवा मित्रांचे साहाय्य घेऊन ज्याने खेळ संपविला त्याने तो 'खरा' संपविलाच नाही, असे ते मानतात. परंतु बँकर लावून लोणावळ्यास पोचलेली गाडी घाट चढलीच नाही, असे कर्जतच्या फलाटावरचा कोणताही प्रवासी म्हणणार नाही. साहाय्याची तरतूद हा त्या मार्गाच्या आखणीचाच भाग आहे. रचनाकाराने दिलेले साधन वापरणे ही लबाडी नव्हे.

४

'डिझाइन' या दुसऱ्या शब्दाच्या पोटी आखणी आणि सजावट या दोन गोष्टी येतात. 'डिझाइन छान आहे' असे म्हणणारा बहुधा सजावटीविषयी बोलत असतो. बिकटपणा न्याय्य आहे की नाही हे ठरते ते आखणीवरून.

न्याय्य आखणीची कसोटी वाचनीयता ही होय. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला अडविले आणि शरण यावयास लावले. अरुंद वाट, दाट रान व दोन्ही अंगांना उंचवटा ही त्या जागेची लक्षणे कोणापासून लपलेली नव्हती; महाराजांनी ती वाचली आणि खानाने वाचली नाहीत. चांगल्या भूमिकाखेळातील पराभव या जातीचा असतो. हरल्यावर खेळाडूस 'हे मला दिसायला हवे होते' असे वाटले पाहिजे. 'हे दिसणे शक्यच नव्हते' असे त्याला वाटले, तर तेथे बिकटपणा संपून अन्याय सुरू होतो.

वाचनीयतेचा दुसऱ्या प्रकारे भंग 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील 'ऑब्लिव्हियन' (२००६) या खेळात झाला. तेथे खेळाडूचे बळ वाढेल तसे अनेक शत्रूंचेही बळ वाढत जाते. पुढेपुढे सामान्य दरोडेखोरही मौल्यवान चिलखते घालून वाटा अडवू लागतात. इंजिन मोठे आणावे आणि घाटानेही तितकेच उंच व्हावे, असा हा प्रकार. पात्राची वाढ हा ज्या खेळप्रकाराचा प्राण, त्यातच ती वाढ निरर्थक ठरते. या खेळाविषयी खेळाडूंनी केलेली ही तक्रार सजावटीची नसून आखणीची आहे, हे समीक्षकाने त्यांच्या वतीने स्पष्ट करावयास हवे.

किचकटपणाचे उदाहरण म्हणून 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) घेता येईल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर आधारलेल्या या खेळात वीस पृष्ठांचा फासा पडद्यावर लोळताना दिसतो आणि फासा उलटा पडला तरी कथा थांबत नाही, ती दुसऱ्या वाटेने चालू लागते. ही त्याची मोठी थोरवी. तथापि नवख्याला तो जड जातो तो शत्रूंच्या बळामुळे कमी आणि नियमांच्या जंजाळामुळे अधिक. सोपी पायरी निवडली तरी हे जंजाळ बहुतांशी कायम राहते. किचकटपणावर औषध शिकवणुकीचे आहे. शत्रू दुबळे करून तो जात नाही. 'डिफिकल्ट' या एकाच शब्दाने रोगाचे निदान केले की औषधही चुकते, ते असे.

५

तिसरा शब्द 'परफॉर्मन्स'. याचे अर्थ तीन : यंत्राची धाव, नटाचा अभिनय आणि खेळाडूची कामगिरी. २०२३ च्या 'द गेम अवॉर्ड्स' समारंभात 'बाल्डर्स गेट ३' मधील ॲस्टेरियन या पात्रासाठी नील न्यूबन यास 'परफॉर्मन्स'चे पारितोषिक मिळाले, तेथे अर्थ अभिनयाचा. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' जुन्या यंत्रांवर धड चालेना म्हणून तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काही महिने काढून घेण्यात आला, तेथे अर्थ धावेचा. भाषाशास्त्रात हाच शब्द नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमतेहून वेगळा काढलेल्या प्रत्यक्ष भाषाव्यवहारासाठी योजला आहे. त्या भेदाचा येथेही उपयोग होतो. रचनाकाराने बांधलेली नियमव्यवस्था एक आणि विशिष्ट खेळाडूने विशिष्ट यंत्रावर केलेला खेळ दुसरा. या दुसऱ्या गोष्टीस मराठी रंगभूमीचा 'प्रयोग' हा शब्द उत्तम शोभेल. नाटकाच्या संहितेचा दोष आणि त्या रात्रीच्या प्रयोगाचा दोष यांत मराठी प्रेक्षक कधी घोटाळा करीत नाही.

परंतु ही फोड केल्यावर एक गोष्ट लक्षात येते ती ही की, यंत्राची धाव आणि खेळाचा बिकटपणा सर्वस्वी विभक्त नाहीत. सेकंदास साठ चित्रे दिसत असतील तर एक चित्र सुमारे सतरा सहस्रांश सेकंद टिकते. तीस दिसत असतील तर सुमारे तेहतीस. धाव मधेच अडखळली तर शत्रूने वार करण्यापूर्वी दिलेली सूचक हालचाल डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. 'एल्डन रिंग' प्रसिद्ध झाला तेव्हा संगणकावरील त्याची आवृत्ती अशी अडखळत असे. ज्या खेळाची प्रतिष्ठा वाचनीय बिकटपणावर उभी, त्याचे अक्षरच तेथे पुसट झाले. सामान्य यंत्रावर खेळणाऱ्याच्या वाट्याला हा दोष अधिक येतो. तेव्हा 'खेळ उत्तम, फक्त परफॉर्मन्स वाईट' हे वाक्य त्याच्यापुरते अर्धसत्य आहे. त्याला मिळालेला प्रयोग अन्याय्य होता.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो बळकट आहे. मागील इंजिन बळ पुरविते. परंतु ज्याची बोटे चपळ चालत नाहीत किंवा दृष्टी अधू आहे त्याची अडचण बळाची नसते. त्याला आत्म्यांचे कितीही साहाय्य दिले तरी क्षणार्धात टाळावयाचा वार टाळता येणार नाही. हे मान्य केले पाहिजे. अशा खेळाडूसाठी खेळाची गती कमी करणे किंवा सूचना अधिक ठळक करणे म्हणजे घाट सपाट करणे नव्हे. इतरांना जी वाचनीयता आपोआप मिळते ती त्याला मिळवून देणे होय. अवघड जाणे हा संबंध आहे असे एकदा म्हटल्यावर, त्या संबंधाचे दुसरे टोक, म्हणजे प्रत्यक्ष माणूस, विसरून चालणार नाही.

हा शब्दविचार केवळ परभाषेतील खेळांच्या आस्वादापुरता नाही. घाटाच्या माथ्यापलीकडे पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. काटेकोर अर्थाने तो भूमिकाखेळ नव्हे, साहसखेळ आहे. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी ही त्याची नायिका आणि दुर्गा व विष्णू हे तिच्या प्रवासाचे निवेदक. मूळ आवृत्तीत मात्र सगळेच इंग्रजी बोलतात. खेळ आता मराठी मुलखात घडत आहेत. ते घडविणाऱ्यांना आपल्या खेळाडूंकडून 'डिफिकल्ट आहे' एवढेच ऐकू आले, तर शत्रूचे आकडे घटविण्यापलीकडे ते काय करणार? 'वाट बिकट आहे, ती तशीच ठेवा; हिशेब किचकट आहे, तो उलगडून सांगा; प्रयोग अडखळतो, तो सुधारा; आणि मला अवघड जाते, मागून एक इंजिन द्या' असे त्यांना ऐकू आले, तर त्यांना काम करता येईल. हे चारही शब्द कर्जतच्या खेळाडूपाशी आहेत. घाटाविषयी बोलताना तो त्यांतले योग्य ते नेमके वापरतो; खेळाविषयी बोलतानाच ते बाजूला ठेवतो.