आश्रयाच्या अटी : ‘तृतीय रत्न’ ते ‘मुळांची रंगभूमी’

वाङ्मयाच्या इतिहासात आश्रयाचा विचार बहुधा आश्रयदात्याच्या औदार्याच्या किंवा आश्रिताच्या मिंधेपणाच्या अंगाने केला जातो. राजाने कवीला गाव इनाम दिले, संस्थानिकाने नाटकमंडळीला वस्त्रे दिली, अशा नोंदी चरित्रविभागात जमा होतात आणि कृतीचे विवेचन स्वतंत्रपणे चालते. आधुनिक काळात आश्रयाची जागा अनुदानाने घेतली. अनुदानाला अर्ज लागतो, नियमावली लागते, परीक्षक लागतात. आणि कोणती कृती साहाय्यास पात्र, याचे उत्तर कृती निर्माण होण्याच्या आधी किंवा ती प्रकाशात येण्याच्या आधी लिहून ठेवलेले असते. या अर्थाने अनुदानाची नियमावली हीही एक काव्यशास्त्रीय संहिता ठरते. तुलनात्मक साहित्याभ्यासाने तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिले, तर समूहाच्या कला आणि सार्वजनिक द्रव्य यांच्या संबंधातील काही पेच अधिक स्पष्ट होतात.

मराठीपुरते पाहता या विचाराचा आरंभ दक्षिणेपासून करावा लागतो. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर इंग्रजी राजवटीने ही प्रथा आखडत्या स्वरूपात चालू ठेवली आणि तिच्यातील काही द्रव्य १८२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवले. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आदी सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी पक्षाने त्यास कडवा विरोध केला. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. व्यक्तीच्या जन्मसिद्ध अधिकाराऐवजी ग्रंथाची योग्यता हा साहाय्याचा निकष ठरला. तत्त्वतः हे स्थित्यंतर मोठे होते. मात्र योग्यता ठरवणारे कोण, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा या संदर्भात विचारात घ्यावी लागते. १८५५ साली लिहिलेले हे नाटक फुले यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी नोंदवल्याप्रमाणे ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही आणि कमिटीने ते नापसंत केले. नाटक छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, म्हणजे लेखनानंतर १२४ वर्षांनी. नाटकाचा विषय पाहिला तर कमिटीची अडचण समजू शकते. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, तिचा नवरा, वाद घालणारा पादरी, आणि या सर्वांच्या बोलण्यावर भाष्य करीत राहणारा विदूषक अशी पात्ररचना येथे आहे. शेवटी हे जोडपे शिक्षणाची वाट धरते.

परंतु विषयाइतकाच रूपाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. १८४३ साली सांगलीकरांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी केलेले ‘सीतास्वयंवर’ पौराणिक आख्यानाच्या चौकटीत होते. संस्कृत नाट्यपरंपरेशी नाते सांगणारे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आले. ‘तृतीय रत्न’ या दोहोंच्या मध्ये येते आणि दोहोंपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही. त्यातील विदूषक राजाचा सोबती नाही. प्रसंगाच्या बाहेर राहून बोलण्याची त्याची रीत तमाशातील सोंगाड्याला अधिक जवळची आहे. बक्षिसासाठी ‘उपयुक्त ग्रंथ’ ही कोटी मान्य असलेल्या परीक्षकांसमोर समूहाच्या बोलीतील असा वाद ग्रंथ म्हणून उभा राहणेच कठीण होते. नकाराचा परिणाम एका लेखकापुरता राहिला नाही. मराठी नाटकाचा जो पूर्वेतिहास पुढे सांगितला गेला, त्यातून सामाजिक नाटकाची ही आरंभीची शक्यता शंभराहून अधिक वर्षे वगळली गेली.

स्वातंत्र्योत्तर काळात अनुदानाचे तर्कशास्त्र उलटे झाले. १९५३ साली कार्यरत झालेल्या संगीत नाटक अकादमीने १९८४ मध्ये तरुण रंगकर्मींसाठी साहाय्ययोजना सुरू केली. ती १९९४ पर्यंत चालली. लोकपरंपरा व पारंपरिक नाट्यरूपे यांतून प्रेरणा घेऊन देशी रंगभाषा शोधणाऱ्या दिग्दर्शकांना निर्मितीसाठी द्रव्य मिळे, प्रयोग विभागीय महोत्सवांत होत आणि त्यांतील निवडक प्रयोग राष्ट्रीय महोत्सवात जात. अकादमीचे माजी सचिव सुरेश अवस्थी यांनी ज्या प्रवाहाला ‘मुळांची रंगभूमी’ म्हटले, त्याला ही योजना संस्थात्मक बळ देणारी ठरली. दक्षिणा कमिटीपुढे जे लोकरूप ग्रंथ म्हणून ओळखलेही गेले नसते, ते येथे पात्रतेची अट झाले.

या योजनेने अनेक भाषांतील तरुणांना प्रथमच साधने आणि प्रांताबाहेरचा प्रेक्षक मिळवून दिला, हे नाकारता येत नाही. तरीही कालक्रम बोलका आहे. गिरीश कार्नाडांचे ‘हयवदन’ १९७१ चे, विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ चे, छत्तीसगढच्या नाचा कलावंतांसह हबीब तन्वीर यांनी उभे केलेले ‘चरणदास चोर’ १९७५ चे. तिन्ही कृतींतील लोकरूप त्या त्या आशयाच्या गरजेतून आलेले आहे. ‘घाशीराम’मध्ये उघडमीट होणारी माणसांची भिंत आणि कीर्तनाचा रंग हे सत्तेच्या दांभिकतेचेच रूप आहे. शैली आधी सिद्ध झाली आणि नंतर तिचे योजनेत रूपांतर झाले. जे उत्तर होते, ते अर्जातील प्रश्न बनले. मग आशयाला गरज असो वा नसो, गण, मुखवटा, ढोल यांची योजना होऊ लागली, ही त्या काळातील समीक्षकांची तक्रार निराधार नव्हती.

याहून मूलभूत अंतर्विरोध वेगळा आहे. योजनेचा लाभार्थी नागर दिग्दर्शक होता. ज्यांच्या परंपरेतून प्रेरणा घ्यायची, तो समूह नव्हे. तमाशाचा फड हा आर्थिकदृष्ट्या स्वयंचलित, फिरता घटक आहे. दसऱ्याला बाहेर पडून जत्रांच्या हंगामापर्यंत तो चालतो. कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, मालक गावकऱ्यांच्या सुपारीवर अवलंबून असतो, आणि नारायणगावच्या राहुट्यांत या सुपाऱ्यांचा व्यवहार होतो. २०२० च्या टाळेबंदीत जत्रा बंद पडल्या तेव्हा ही साखळी एकदमच तुटली. नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षण, पूर्वनियोजित निर्मिती अशा भाषेत अनुदान बोलते. उचल आणि सुपारी यांना त्या भाषेत प्रतिशब्द नाही. वृद्ध कलावंताला मानधन मिळू शकते, कारण व्यक्ती कागदावर मावते. फड मात्र सहजासहजी मावत नाही.

येथे अमेरिकेतील फेडरल थिएटर प्रोजेक्टशी तुलना उद्बोधक ठरते. महामंदीच्या काळात १९३५ साली हॅली फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा उपक्रम मुळात रोजगारयोजना होता. बक्षीस कृतीला नव्हते, शैलीची अटही नव्हती. बेकार रंगकर्मीला श्रमिक म्हणून वेतन होते. हार्लेममधील कृष्णवर्णीय कलावंतांचे पथक आणि चालू प्रश्नांवरचे ‘जिवंत वृत्तपत्र’ या चौकटीत शक्य झाले. परंतु वेतन देणारी सत्ता आशयाबाबत उदासीन राहिली नाही. राजकीय आक्षेपांनंतर १९३९ साली काँग्रेसने निधी थांबवला आणि प्रकल्प संपला. वेतनाच्या प्रारूपातही परीक्षक अदृश्य झाला होता, नाहीसा झालेला नव्हता.

तीन प्रारूपांची ही तुलना एवढे निश्चित दाखवते, की बक्षीस कृतीनंतर येते आणि मौनाने वगळते. योजना कृतीआधी येते आणि शैली सुचवते. वेतन कृतीसोबत चालते आणि केव्हाही थांबू शकते. म्हणून अनुदानित कलेची समीक्षा करताना द्रव्य किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर, कोणत्या घटकाला, कोणाच्या निर्णयाने मिळाले, हे प्रश्न अधिक फलदायी ठरतात. ‘तृतीय रत्न’मधील कुणबी स्त्री आणि आजचा फडातला कलावंत यांच्यात काळाचे अंतर मोठे आहे, पण दोघांच्याही बोलण्याची पात्रता दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या नियमात तपासली गेली. ज्यांची कला आहे ते परीक्षकांच्या बाजूला केव्हा बसतील, हा प्रश्न १८५१ पासून अनुत्तरित आहे. सांस्कृतिक धोरणाने तो टाळला असेल. वाङ्मयेतिहासाला तो टाळता येणार नाही, कारण कोणत्या संहिता हाती आल्या आणि कोणत्या आल्याच नाहीत, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी त्यातच आहे.