दास्य आणि भावार्थ : मराठी कॅथलिक वाङ्मयातील दोन शब्दांचा विचार

पेण-रोहा रेल्वेमार्गावरील कासू स्थानक मागे टाकून रोह्यास उतरावे, आणि तेथून कुंडलिकेच्या काठाने समुद्राकडे जावे, म्हणजे नदीच्या मुखाशी कोरलई लागते. चौलवरील पोर्तुगीज अंमल १७४० साली संपला. परंतु येथील कॅथलिक समाज आजही घरात पोर्तुगीजजन्य मिश्रभाषा बोलतो आणि चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना करतो. 'मी देवाचा दास आहे' असे हा समाज मराठीत म्हणतो, तेव्हा 'दास' ह्या शब्दाबरोबर मराठीतील कोणता अर्थसंचय त्याच्यापर्यंत पोहोचतो? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

ह्या प्रश्नाचे मूळ 'ख्रिस्तपुराणा'त शोधावे लागते. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) १५७९ साली गोव्यास आले. त्यांचा हा सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांच्या मागणीवरून तो रचला, असे ग्रंथारंभी सांगितले आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजण्यासही कवी कचरला नाही. ह्या भाषाप्रेमाचे कौतुक आमच्या समीक्षेने पुष्कळ केले. मात्र श्रोत्यांची भाषा स्वीकारली, की तीत आधीच मुरलेले अर्थही स्वीकारावे लागतात, ह्याचा विचार त्या मानाने थोडा झाला.

देवदूताचा निरोप ऐकून मरिया स्वतःस प्रभूची दासी म्हणविते. लूकच्या मूळ ग्रीकमध्ये ह्या ठिकाणी येणाऱ्या शब्दाचा अर्थ 'गुलाम स्त्री' असा आहे. मराठीत 'दासी' म्हणताच स्वतःस नामदेवाची दासी म्हणविणारी जनाबाई आठवते, आणि भागवतातील नवविधा भक्तीत सातवे स्थान असलेले दास्यही आठवते. हे दास्य स्वेच्छेने पत्करलेले असते. उलट, स्टीफन्स यांच्या काळी गोव्यात माणसांची खरेदी-विक्री उघडपणे चालत असे. ज्या श्रोत्याने बाजारातली दासी पाहिली होती, त्याच्या कानी हा शब्द केवळ भक्तीचा म्हणून पडला असेल, असे मानता येत नाही.

दुसरा मुद्दा दिशेचा आहे. नवविधा भक्तीतील पादसेवनात भक्त देवाचे पाय सेवितो. योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभूच शिष्यांचे पाय धुतो. म्हणजे सेवेचा ओघ वरून खाली वळतो. मराठी श्रोत्यास हे अगदीच अपरिचित नव्हते. एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने पाणी भरणारा कृष्ण आणि जनीबरोबर दळणारा विठ्ठल लोकमानसात रुजलेले होतेच. तथापि तेथे देव प्रेमाने भक्ताचे काम करतो. योहानाकडे त्याच कृतीची आज्ञा होते, शिष्यांनी परस्परांचे पाय धुवावेत अशी. भेद क्रियेत नसून क्रियापदाच्या अर्थात आहे : स्वार्थाच्या जागी आज्ञार्थ येतो. कॅथलिक सेवाधर्माचे मर्म मला ह्या आज्ञार्थात दिसते.

ही आज्ञा पाळावयास बळ कोठून यावयाचे? मरियेच्या उद्गाराचा उत्तरार्ध पाहावा. 'मी दासी' असे म्हणून ती थांबत नाही. तुझ्या वचनाप्रमाणे घडो, असे म्हणते. ह्या भरवशासाठी गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत 'भावार्थ' हा शब्द रूढ आहे. जुन्या मराठीत त्याचे 'तात्पर्य' आणि 'निष्कपट भक्ती' असे दोन्ही अर्थ होत. संस्कृत 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेडो' तर एकाच मूळ धातुसमासातून निघाले आहेत. भारतीय भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य स्टीफन्स यांनी १५८३ सालच्या पत्रात नोंदविले होते, हे येथे स्मरणीय आहे. भावार्थ नसेल तर दास्य ही निव्वळ लाचारी ठरते. दास्य नसेल तर भावार्थ शब्दमात्र राहतो.

तेव्हा नम्रतेचा उपदेश कोण कोणास करतो, हे तपासल्यावाचून ह्या वाङ्मयाचे मूल्यमापन पुरे होत नाही. साष्टीतील उपदेशकाच्या पाठीशी राजसत्ता होती. तिने देवळे पाडली होती, आणि धर्मांतरानंतरही जातिभेद टिकून राहिला. आधीच खाली असलेल्यास 'दास हो' म्हणणे सोपे असते. स्टीफन्स यांची थोरवी ही, की निदान भाषेच्या क्षेत्रात त्यांनी ती आज्ञा स्वतःस लावून घेतली : प्रौढ वयात ते परक्या वाणीचे विद्यार्थी झाले. राजसत्तेस हे शिष्यत्व मानवले नाही. १६८४ साली तिने देशी भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला.

उपासनेत लोकभाषेस मोकळी वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली करून दिली. आज कोरलईचा ख्रिस्ती मनुष्य शेजाऱ्यांच्या मराठीत देवाचा दास होतो. स्टीफन्स यांनी श्रोत्यांसाठी केले, ते आता श्रोतेच करीत आहेत. त्यांची घरची बोली मात्र अद्याप कोणाच्या सेवेची वाट पाहत आहे. ती सेवा आपल्यासारख्या भाषाभ्यासकांकडे येते, आणि तीत आपली भूमिका शिष्याचीच असली पाहिजे.