बाराचा आकडा : हेइआन दरबारी वेषाच्या पुनर्निर्मितीची चिकित्सा

'जूनिहितोए' हा शब्द आज जपानच्या सीमेपलीकडेही परिचित झाला आहे. 'बारा एकेरी वस्त्रे' असा त्याचा शब्दार्थ. आणि या वेषाच्या अभ्यासात या शब्दार्थाने जितका गोंधळ माजविला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने क्वचितच माजला असेल. मिरवणुकीसाठी, रंगभूमीसाठी किंवा गतकालाचे पुनर्दर्शन घडविणाऱ्या हौशी मंडळांसाठी हा वेष शिवावयास घेतला की पहिला प्रश्न बहुधा थरांच्या संख्येचा निघतो. बारा थर भरले की वेष अस्सल ठरला, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः हे नाव उत्तरकालीन आहे. 'गेन्पेइ जोसुइकी' या मध्ययुगीन युद्धाख्यानात ते आढळते व पुढे लोकव्यवहारात रूढ होते. या वेषाची शास्त्रशुद्ध संज्ञा 'इत्सुत्सुगिनु-करागिनु-मो' अशी, म्हणजे पाच झगे, चिनी धाटणीचे आखूड उपरवस्त्र आणि कमरेमागे बांधावयाचा चुणीदार पदर, अशी आहे.

रूढ क्रम पाहिला तर सर्वांत आत 'कोसोदे', त्यावर जमिनीवर लोळणारी लांब 'हाकामा', मग अस्तरविरहित 'हितोए', त्यावर पाच अस्तरी झगे, मग कुटून चकाकी आणलेला 'उचिगिनु', मग उंची विणीचा 'उवागि', आणि शेवटी करागिनु व मो. यांची बेरीज बारा भरते खरी. परंतु ती भरण्यासाठी पायघोळ हाकामा आणि मागचा पदरही मोजावा लागतो, आणि मुख्य म्हणजे या बारांत 'हितोए' एकच आहे. नाव आणि वस्तू यांचा मेळ असा बसत नाही.

शिवाय मधल्या झग्यांची पाच ही संख्यादेखील आरंभापासून निश्चित नव्हती. 'एइगा मोनोगातारी' या इतिहासकथेत १०२५ सालच्या एका मेजवानीचे वर्णन आहे. फुजिवारा मिचिनागाची कन्या केन्शी हिच्या परिवारातील स्त्रियांनी त्या दिवशी इतके झगे अंगावर चढविले की काहींची संख्या विसाच्या घरात गेली, आणि खुद्द मिचिनागा व त्याचा पुत्र योरिमिचि यांना ती उधळपट्टी रुचली नाही. पाच झग्यांचा दंडक रुळला तो त्यानंतर. तेव्हा अकराव्या शतकाच्या प्रारंभीचा, म्हणजे मुरासाकी शिकिबु आणि सेइ शोनागोन यांच्या पिढीचा वेष उभा करावयाचा असेल, तर संख्येचा आग्रह हा पुराव्याला धरून नाही.

मग पुरावा कशाचा घ्यावयाचा? येथे अभ्यासकाची स्थिती बिकट आहे. हेइआन काळातील स्त्रीचा संपूर्ण दरबारी वेष आज शिल्लक नाही. कामाकुरा येथील त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानातील पाच झगे तेराव्या शतकाकडे निर्देश करतात. कुमानो हायातामा देवस्थानातील वस्त्रे १३९० सालच्या अर्पणाची आहेत. ही देवतांसाठी सिद्ध केलेली वस्त्रे होत. त्यांवरून विणकाम, नक्षी व शिवण कळते. ती अंगावर कशी बसत असतील हे त्यांवरून ठरविणे धाडसाचे आहे. नागोया व तोक्यो येथील संग्रहांत विभागलेली 'गेन्जी'ची चित्रपट्टी बाराव्या शतकातील, म्हणजे मूळ कथेनंतर शतकाहून अधिक काळाने रंगविलेली. रंगसंगतीचे सर्वांत उपयुक्त टिपण, मिनामोतो नो मासासुके याचे 'मासासुके शोझोकुशो', हेही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुनर्निर्मितीकार या सर्वांतून जे हाती लागेल ते एकत्र करतो, आणि तीन शतके एकाच अंगावर चढवितो.

याला उत्तर म्हणून जिवंत परंपरेकडे बोट दाखविले जाते. ताकाकुरा आणि यामाशिना या दोन घराण्यांनी वेषधारणेची विद्या सांभाळली. आजही राजकुलाच्या समारंभांत एक जाणता पुढे आणि एक मागे राहून वेष चढवितो. प्रत्येक थर दोरीने बांधावयाचा, वरचा थर बांधून झाला की खालची दोरी काढून घ्यावयाची, असे करीत अखेर सारा डोलारा एकाच बंधावर उभा राहतो. तो बंध सोडला की आतली व्यक्ती निसटून बाहेर येते आणि वस्त्रांचा संच कीटकाच्या कातीसारखा जागच्या जागी राहतो. हे कौशल्य पाहून थक्क व्हावे असेच आहे. परंतु ही विद्या निर्माण का झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तोबा सम्राटाच्या काळात (राज्यकाल ११०७–११२३) दरबारी वेषाला नवे वळण लागले. मऊ, अंगासरशी पडणाऱ्या वस्त्रांची जागा खळ दिलेल्या ताठ वस्त्रांनी घेतली, आणि या बदलाशी मिनामोतो नो आरिहितो याचे नाव जोडले जाते. ताठ वस्त्र स्वतःचे स्वतः नीट नेसता येत नाही, म्हणून तज्ज्ञाची गरज पडली. म्हणजे जी क्रिया आज प्राचीनतेची खूण म्हणून दाखविली जाते, ती मुरासाकीच्या दैनंदिनीनंतर शंभर वर्षांनी घडलेल्या एका स्थित्यंतराचे अपत्य आहे.

त्यानंतरही परंपरा अखंड राहिली नाही. ओनिन युद्धाने (१४६७–१४७७) क्योतो उद्ध्वस्त झाले, दरबार निर्धन झाला, आणि एदो काळात जुन्या वेषाचे पुनरुज्जीवन करावे लागले. कानांच्या दोन्ही बाजूंनी पंखांसारखी फुगविलेली केशरचना, जी २२ ऑक्टोबर २०१९ च्या राज्यारोहण समारंभात सम्राज्ञी मासाको यांच्या मस्तकी जगाने पाहिली, ती एदो काळाच्या उत्तरार्धातील होय; हेइआन स्त्रीचे केस सरळ पाठीवर सोडलेले असत. आणखी एक उलटापालट ध्यानात घेण्याजोगी आहे. करागिनु आणि मो हा मुळात वरिष्ठांच्या सान्निध्यात सेवा करणाऱ्या स्त्रियांचा औपचारिक वेष होता. स्वामिनी स्वतःच्या दालनात त्याहून सैल वेषात असे. आज तोच वेष सम्राज्ञीचा सर्वोच्च पोशाख झाला आहे. यात परंपरेला दोष देण्याचे कारण नाही. राजकुलाला समारंभ करावयाचा असतो, अकरावे शतक सिद्ध करावयाचे नसते. दोष आहे तो या समारंभाचे छायाचित्र समोर ठेवून त्याखाली 'हेइआन' असे नाव लिहिणाऱ्यांचा. क्योतोच्या आओइ उत्सवात १९५६ पासून निघणारी साइओदाइची मिरवणूकही याच दृष्टीने पाहिली पाहिजे. ती विसाव्या शतकातील एक सुंदर निर्मिती आहे.

या चर्चेत सर्वांत उपेक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे स्वतः कापड. वेषाचे वजन वीस किलोपर्यंत भरते, असे कौतुकाने सांगितले जाते आणि त्यावरून त्या काळच्या स्त्रिया ओझ्याखाली दबलेल्या होत्या, असा निष्कर्षही काढला जातो. हा निष्कर्ष आजच्या रेशमावरून काढलेला आहे. आधुनिक संकरित किड्याचा तंतू जाड असतो. जुन्या जातीचा 'कोइशिमारु' हा किडा राजवाड्यातील कोशशाळेत टिकून राहिला. शोसोइन भांडारातील आठव्या शतकाच्या वस्त्रांच्या प्रतिकृती करावयाच्या ठरल्या तेव्हा १९९४ पासून याच किड्याचे रेशीम उपयोगात आणले गेले, कारण प्राचीन तंतूशी जुळणारा बारीक तंतू अन्यत्र मिळेना. अशा तंतूचे, खळ न दिलेले आठ थर आणि आजच्या ताठ रेशमाचे आठ थर हे दोन भिन्न वेष होत. पहिल्यात कापड अंगाभोवती साचते, दुसऱ्यात ते अंगापासून दूर उभे राहते.

रंगाच्या बाबतीत हा फरक अधिकच निर्णायक ठरतो. 'कासाने नो इरोमे', म्हणजे थरांच्या रंगसंगतीची पद्धती, ही रंगांच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडण्याची रीत नव्हे. पांढऱ्या तलम वस्त्राला तांबडे अस्तर लावले की त्या संगतीस 'साकुरा' म्हणत; तांबडा रंग पांढऱ्यातून झिरपून जो फिकट गुलाबी भास निर्माण होई, तोच चेरीचा मोहोर. कापड जाड असेल तर अस्तर केवळ काठाशी दिसते आणि साकुरा नाहीशी होते. उरतात पांढरा व तांबडा. काही संगती उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन विणीतच साधल्या जात. पैठणीतील धूपछाव ज्यांनी हाताळली आहे त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

रंगद्रव्यांविषयी ९२७ साली पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहात जी मापे दिली आहेत, ती पुनर्निर्मितीकाराने प्रथम वाचावीत अशी आहेत. गडद जांभळ्या रंगाच्या नक्षीदार रेशमाच्या एका ताग्यास मुरासाकी वनस्पतीची मुळे ३० किन (एक किन म्हणजे स्थूलमानाने ६०० ग्रॅम), सोबत शिर्का, राख आणि ३६० किन सरपण, असा तेथील हिशेब आहे. या एका ओळीवरून जांभळा रंग निर्बंधित का होता, हे उमगते. तांबडा रंग करडईच्या फुलांचा. फुलांतील पिवळा अंश पाण्याने धुऊन टाकावयाचा, राखेच्या क्षारजलाने तांबडा अंश काढावयाचा, मग आंबट द्रवाने तो रेशमावर बसवावयाचा. क्योतोचे रंगारी योशिओका साचिओ (१९४६–२०१९) यांनी एंगिशिकीचा आधार घेऊन आणि केवळ वनस्पतिज रंग वापरून 'गेन्जी'तील रंगसंगती पुन्हा सिद्ध केल्या. या क्षेत्रात वेषाच्या आकृतीपेक्षा द्रव्यापासून आरंभ करणारा हा प्रयत्न सर्वांत मोलाचा म्हणावा लागतो. करडईचा तांबडा उजेडात विटतो, हेही येथे विसरता कामा नये. संग्रहालयातील जुन्या वस्त्राचा आजचा रंग पाहून केलेली नक्कल ही रंगाच्या अवशेषाची नक्कल असते.

आणि हे सारे पाहणाऱ्याला दिसे कसे? आजचे छायाचित्र उभ्या स्त्रीचे, समोरून, पूर्ण प्रकाशात घेतलेले असते. हेइआन दालनात स्त्री बसलेली असे, गुडघ्यांवर सरकत असे, आणि परक्या दृष्टीस तिचे बहुधा दोन-तीन अंगुळेच दिसत : पडद्याखालून बाहेर सोडलेल्या बाहीच्या कडा. पुढे तर अंगात कोणी नसताना नुसती वस्त्रे पडद्यामागे रचून कडा दाखविण्याचीही चाल पडली. मुरासाकी शिकिबुने १०१० सालच्या एका प्रसंगी नोंदविलेली गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. बाहीच्या कडांची संगती किंचित चुकलेली एक स्त्री नेमकी सरदारांच्या नजरेसमोर आली आणि सहचारिणींना ते लागून राहिले. दैनंदिनीकर्तीचा स्वतःचा अभिप्राय सौम्य आहे : संगती वाईट नव्हती, एक छटा जरा फिकी पडली होती, इतकेच. सेइ शोनागोनलाही वसंत सरत आला तरी अंगावर असलेली तांबड्या 'उमे'ची संगती विरस करणाऱ्या गोष्टींत गणावीशी वाटली. एका छटेच्या चुकीवर जेथे इतके अवलंबून होते, तेथे थर मोजणारा आणि छटा सोडून देणारा पुनर्निर्मितीकार वेषाचा सांगाडा देतो व त्याचा व्यवहार गमावतो.

या कसोटीवर क्योतोच्या फुझोकु संग्रहालयाचे कार्य उजवे ठरते. १९७४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने गेन्जीचा प्रासाद चतुर्थांश प्रमाणात उभारून बाहुल्यांना दालनात, पडद्यांआड, ऋतूनुसार बसविले. आकार लहान झाला, परंतु वस्त्र आणि वास्तू यांचा संबंध शाबूत राहिला. याउलट पाश्चात्त्य हौशी मंडळांत, उदाहरणार्थ १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'च्या परिवारात, हा वेष सुती किंवा कृत्रिम धाग्याच्या कापडातही शिवला जातो व उघड्या मैदानावर मिरविला जातो. त्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. ही माणसे तो वेष अंगावर वागवितात, त्यात बसतात, जेवतात. बाही पाण्यात बुडू नये म्हणून हात कसा उचलावा लागतो हे त्यांना ठाऊक होते, आणि काचेआडचे वस्त्र ते कधीच सांगत नाही. त्यांची उणीव आरंभबिंदूची आहे. आजच्या किमोनोचे सुमारे ३६ ते ३८ सेंमी रुंदीचे कापड गृहीत धरून ते कापावयास बसतात. शोसोइनमधील आठव्या शतकाची करवस्त्रे सुमारे ५६ सेंमी रुंद आहेत. रुंदी बदलली की शिवणीच्या जागा बदलतात, बाहीचा फुगवटा बदलतो, आणि मग वरच्या थराने खालचा थर किती उघडा ठेवावा हे गणितही चुकते.

संपूर्ण वेषाचा खर्च व श्रम ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांच्यासाठी एक मार्ग मोकळा आहे, आणि विद्यापीठीय अभ्यासालाही तोच अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. एकच वर्ष ठरवावे, एकाच स्त्रीचा दर्जा ठरवावा, आणि पूर्ण झग्याऐवजी तलम रेशमाच्या, वनस्पतिज रंगांत रंगविलेल्या पाच बाह्या फक्त कोपरापर्यंत शिवाव्यात. त्या एकीत एक घालून बांबूच्या पडद्याखाली ठेवाव्यात, आणि उन्हाचा थेट झोत टाळून सायंकाळच्या उजेडात पाच हातांवरून पाहाव्यात.