विज्ञानकथेची समीक्षा : नियतकालिक, परिभाषा आणि मराठीची साक्ष

साहित्यप्रकाराला वाचक लाभणे आणि त्याची समीक्षा उभी राहणे या दोन भिन्न प्रक्रिया होत. इंग्रजी विज्ञानकथा लोकप्रिय मासिकांतून रुजली. तिच्या समीक्षेला वाहिलेली ‘एक्स्ट्रपोलेशन’ (१९५९) व ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ (१९७३) ही नियतकालिके बऱ्याच काळानंतर निघाली. यांपैकी दुसऱ्याचे एक संस्थापक डार्को सुव्हिन यांनी विज्ञानकथेला ‘बोधात्मक अपरिचितीकरणाचे साहित्य’ मानले. मिथक मानवी संबंधांना अचल समजते, विज्ञानकथा त्यांना प्रश्नांकित करते, अशी सीमारेषाही त्यांनी आखली. अशी व्याख्या सतत तपासली व दुरुस्त केली जाणे, यातच नियतकालिकाचे मोल असते.

मराठीत ही सोय निर्माण झाली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने दाखल होऊन पारितोषिकपात्र ठरली. लेखकाच्या शास्त्रीय अधिकाराचे दडपण न येता संहितेचे मूल्यमापन झाले. परंतु स्पर्धेत निकाल लागतो, वाद पुढे चालत नाही. नंतरची चर्चा प्रस्तावना व परीक्षणे यांत विखुरली आणि बहुतांशी दोनच प्रश्नांभोवती फिरली : विज्ञान अचूक आहे काय, आणि कथा ‘साहित्य’ आहे काय? विज्ञान कथेच्या रचनेत कोणते कार्य करते, हा प्रश्न मागे राहिला.

या प्रश्नाचे महत्त्व नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत दिसते. लुप्त संस्कृतीच्या अवशेषांतून हाती आलेल्या ज्ञानाच्या आधारे येथे यंत्रमानव घडतो. वामनाची मागणी लहान, व्याप्ती अमर्याद. हा पुराणसंकेत ठाऊक असलेल्या वाचकाला संकटाची चाहूल नावातूनच लागते. म्हणजे येथे अपरिचितीकरण परिचिताच्या आधारे घडते. शीर्षकातील नकार मात्र पुराणातील अटळता नाकारतो. सुव्हिन यांची सीमारेषा त्यामुळे पुसली जात नाही. पण मिथक तिच्या पलीकडेच राहते, हे गृहीतक टिकत नाही.

तुलनेची सामग्री दुर्मिळ नाही. नवी दिल्लीच्या नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली बाळ फोंडके संपादित ‘इट हॅपन्ड टुमारो’ हा संग्रह काढून भारतीय भाषांतील एकोणीस विज्ञानकथा इंग्रजीत एकत्र आणल्या. ‘सायन्स फिक्शन स्टडीज’नेही २०१६ साली भारतीय विज्ञानकथेवर विशेषांक प्रसिद्ध केला. व्यासपीठ खुले झाले आहे. तेथे काय घेऊन जायचे, हा प्रश्न आहे. पुराणसंकेत आणि विज्ञान यांच्या संबंधाची परिभाषा मराठीत घडली नाही, तर मराठी संहिता त्या वादात केवळ उदाहरण म्हणून उभ्या राहतील; सिद्धान्त मात्र इतरांचा असेल.