पाण्याखालचा रंग कोणाचा? फ्लॅशच्या छायाचित्रांची एक समीक्षा

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांना फ्लॅशशी काय देणंघेणं, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. पण पाण्याखालची छायाचित्रं आज आपण सगळेच फोनवर पाहतो. लालभडक प्रवाळ, केशरी मासे पाहून आपण म्हणतो, समुद्र किती रंगीत आहे! हे विधान खरं आहे का, एवढाच आज आपला प्रश्न आहे.

आधी पाण्याचा स्वभाव पाहू. पाणी लाल प्रकाश सगळ्यांत आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटर खोलीवर लाल बराचसा गेलेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. तीस मीटरवर उरतो तो मुख्यतः निळा-हिरवा. तिथे बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट-काळसर दिसतं. आता फ्लॅश काय करतो? पांढरा प्रकाश थेट माशापाशी नेऊन देतो. पण बरं का, हा प्रकाशही पाण्यातूनच जातो. मासा एक मीटरवर असेल, तर फ्लॅशपासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत मिळून प्रवास दोन मीटरचा झाला. म्हणून फ्लॅशने खरा रंग मिळतो तो मीटर-दीड मीटरच्या आतच. जास्त ताकदीचा फ्लॅश घेतला की लांबचं रंगीत दिसेल, हा भ्रम आहे.

नैयायिक म्हणतात, डोळ्यांनी पाहायला नुसता डोळा आणि वस्तू पुरत नाही. आलोकाचा, म्हणजे प्रकाशाचा संयोगही लागतो. मग प्रश्न उरतो, तो प्रकाश कोणाचा? समुद्राचा की आपण नेलेला?

तीन उदाहरणं घेऊ. 1926 साली विल्यम लाँगली आणि 'नॅशनल जिओग्राफिक'चे चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रं घेतली. रंगीत प्लेट फार मंद, म्हणून तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून लखलखाट केला. लाँगली हे माशांच्या रंगांचे अभ्यासक. त्यांना मासा त्याच्या घरातच पाहायचा होता. आमच्या मते त्या चित्रांचं मोठेपण हे, की प्रकाश वरून आला. सूर्य येतो त्याच दिशेने. सावली पडली ती सूर्यप्रकाशात पडेल तशीच.

दुसरं उदाहरण 1956 चा, कुस्तो आणि लुई माल यांचा चित्रपट, 'द सायलेंट वर्ल्ड'. तिथे पाणबुडे मोठे दिवे हातात घेऊन खाली उतरतात. दिवा सतत जळतो. त्यामुळे निळ्या भिंतीवर लाल रंग उमटताना पाणबुड्यालाही दिसतो आणि कॅमेऱ्यालाही. फ्लॅशचं तसं नाही. तो सेकंदाच्या अगदी लहान अंशात चमकून विझतो. छायाचित्रातला लाल रंग त्या वेळी तिथल्या कोणीही नीट पाहिलेला नसतो. तो मागाहून पडद्यावर दिसतो.

तिसरं उदाहरण आजच्या स्पर्धांमधल्या चित्रांचं. मासा झगमगीत, मागे काळाकुट्ट अंधार. आपल्याला वाटतं, रात्र आहे. पुष्कळदा ती भरदुपार असते! छिद्र लहान आणि शटर वेगवान ठेवलं की पाण्यातला सूर्यप्रकाश कॅमेऱ्यात पोचत नाही. फ्लॅशने उजळलेला मासा तेवढा उरतो. आमचा आक्षेप इथे आहे. लाल रंग खोटा नाही, तो माशाच्या अंगात आहे. पण खोल पाण्यात तोच लाल काळपट दिसतो आणि माशाला लपवतो. भोवतालचं निळं पाणी पुसून टाकलं, की लपलेला जीव मिरवणारा होतो. रंग खरा राहतो, अर्थ मात्र उलटतो.

मग फ्लॅश वापरूच नये का? तसं मुळीच नाही. अंधाऱ्या कपारीत दुसरा इलाजच नसतो. पण निवडताना आणि वापरताना विवेक हवा. फ्लॅशची ताकद किती, याच्याआधी त्याचा झोत किती रुंद आणि मऊ आहे हे पाहावं. दोन फ्लॅश घेतले तर एका बाजूची गडद सावली भरून निघते. ते भिंगाला चिकटून नकोत. लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना, किंचित बाहेर वळवलेले असावेत, म्हणजे झोताची कडच माशाला लागते. नाहीतर भिंगापुढचे तरंगते कण उजळतात आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखं होतं. आपल्या मालवणच्या गढूळ पाण्यात हा अनुभव हमखास येतो. तिथे फ्लॅश वाढवण्यापेक्षा जवळ जाणं किंवा तो बंद ठेवणं शहाणपणाचं.

आणि मुख्य गोष्ट. फ्लॅशच्या चित्रात मागच्या पाण्याचा उजेड शटरच्या वेगाने कमी-जास्त करता येतो, पुढच्या माशाचा फ्लॅशच्या ताकदीने. म्हणजे समुद्राला किती बोलू द्यायचं आणि आपण किती बोलायचं, हे दोन वेगळ्या कळांवर आहे. शटर थोडं मंद ठेवलं, तर निळं पाणी चित्रात राहतं आणि मासा त्या निळ्याचाच रहिवासी दिसतो. असं चित्र आम्ही श्रेष्ठ मानतो. कमी झगमगतं, पण मासा कुठे राहतो हे सांगतं.

तेव्हा पुढचं रंगीत चित्र फोनवर आलं, की 'वा!' जरूर म्हणा. पण माशामागे पाणी शिल्लक आहे का, तेही पाहा. आता आपण प्रश्नांकडे वळू.